बिनकुंकवाचं तबक

नगर स्टेशनावरून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन गाठोडी होती. एकात आत्याबाईंचं सोवळं आणि त्यांची जपाची माळ. दुसऱ्यात ह्यांच्यासाठी नेलेले खादीचे दोन सदरे, उपरणं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. माझं म्हणाल तर एक जादा लुगडं, तेही सदऱ्यांच्या खाली कोंबलेलं. फणीकरंड्याची पेटी मी मुद्दाम घरी ठेवली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं.

आमच्या मंडळातल्या बायका म्हणाल्या, नाशिकला जाऊन आलीस, आता गंगा, देवळं, द्राक्षांचे मळे, सगळ्याचं वर्णन लिही. लिहिते बाई. पण खोटं कशाला बोलू, मी नाशिक फार थोडं पाहिलं. पोटात भीती असली की डोळ्यांना कमी दिसतं.

आमचे हे तेव्हा कायदेभंगात शिक्षा होऊन नाशिकच्या तुरुंगात होते. महिन्याला एक पत्र यायचं. मग दोन महिने आलंच नाही, आणि आलं ते परक्या हातचं. चार ओळी. प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. आता ज्याची प्रकृती ठीक आहे तो माणूस दुसऱ्याच्या हातानं कशाला लिहील? मी ते पत्र दिवसातून दहा वेळा उलगडायची आणि दहा वेळा घडी घालायची. अशात भेटीची परवानगी आली. दीर सरकारी नोकरीत, त्यांनी तुरुंगाच्या दाराशी उभं राहणं म्हणजे नोकरीवर पाणी. तेव्हा निघालो आम्ही दोघी, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून माहेरी. ह्यांची आई बाळंतपणात गेली, ह्यांना वाढवलं ते आत्याबाईंनी. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड आणि सावली एवढंच काय ते कळतं. तरी हट्टानं निघाल्या. "दिसायचं नाही, पण हात तरी लावीन," म्हणाल्या.

उतरायची जागा शेजारच्या मथूताईंनी सुचवली होती. पंचवटीत गोदाकाकू म्हणून एक विधवा बाई आहेत, त्या यात्रेकरूंना आणि तुरुंगावर भेटीला येणाऱ्यांना दोन-चार दिवसांकरता खोल्या देतात. मथूताई म्हणाल्या, तिथं काही म्हणजे काही न्यायला नको. दात घासण्यापासून न्हाण्यापर्यंत सगळं काकू सकाळी तबकात मांडून दारात ठेवतात. राखुंडी, शिकेकाई, तेल, फणी, आरसा, कुंकू, त्याखाली लावायचं मेण, काजळ. "पाहुण्याला मागायची वेळ आली म्हणजे यजमानाची मान खाली गेली," असं काकूंचं म्हणणं. एकदा मथूताईंच्या तबकात मेणाची डबी ठेवायची राहिली, तर गुडघे दुखत असताना काकू पुन्हा जिना चढून आल्या होत्या. त्या विसरत नाहीत, मथूताई म्हणाल्या. हे वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

तर ह्यांच्या लोणच्याला जागा व्हावी म्हणून मी पेटी काढून कोनाड्यात ठेवली. आपल्या हातानं कुंकू घरी ठेवलं.

मनमाडला गाडी बदलायची होती. केवढं ते जंक्शन! इंजिनांचा धूर, हमालांची धावपळ, चहाच्या किटल्या, आणि आत्याबाई माझ्या पदराला धरून, "आलं का गं? आलं का?" पुढच्या गाडीत आमच्यासमोर सटाण्याकडची एक बाई बसली. पायाशी कांद्याची पाटी, नाकात मोठी नथ, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. तिनं विचारलं, "कथा चालनी वो बाई?" (कुठं निघालीस गं बाई?) मी सांगितलं. तुरुंग म्हटल्यावर तिनं जीभ चावली, मग पाटीतला एक कांदा काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "देव शे." (देव आहे.) मला वाईट वाटलं. कोणी मुद्दाम धीर दिला की भीती दुप्पट होते हा माझा अनुभव आहे.

उजव्या हाताला चांदवडचे डोंगर लागले, एकेक सुळका करवतीच्या दातासारखा. निफाडकडे द्राक्षांचे मांडव दिसले. माघ संपत आलेला, मांडवांखाली माणसं वाकून काम करत होती. मी ते सगळं आत्याबाईंना वाचून दाखवल्यासारखं सांगत होते, कारण गप्प बसलं की ते पत्र डोळ्यांपुढे येई. मध्येच डोळ्यांत कोळसा गेला, तो काढता काढता रडू आलं, आणि ते कोळशावर खपून गेलं.

नाशिकरोडला उतरेपर्यंत तोंड काजळीनं माखलं होतं. नळावर खसाखसा धुतलं. पदरानं पुसलं तर पदराला लाल डाग. कपाळ मोकळं झालं हे कळलं, पण म्हटलं, आता तासाभरात मुक्कामी पोचू, तिथं लावू. आणि माझा एकंदर अवतार काय वर्णावा. अंगावर पांढरं खादीचं लुगडं, काठ इतका बारीक की असून नसल्यासारखा. हे सुटून येईपर्यंत रंगीत नेसायचं नाही असा माझा नेम होता. काचेच्या बांगड्या परदेशी म्हणून मी स्वतः होळीत टाकल्या होत्या, हातात एकेक चांदीचं कडं. वाऱ्यासाठी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मंगळसूत्र त्याच्या आत. मला हे तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही. उलट, गर्वच होता थोडा.

टांगेवाला अब्बासभाई म्हणून म्हातारा होता. तुरुंगाच्या भिंतीजवळून टांगा गेला तेव्हा त्यानं चाबकानं दाखवली. मी विचारलं, आत तापाची साथ आहे असं ऐकलं, खरं का? तो म्हणाला, "ताप काय, समद्या गावात हाय बाई." आणि घोड्याशी बोलू लागला. सहा मैल मी त्या उत्तराचा कीस पाडत बसले.

पूल ओलांडून पंचवटीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गोदाकाकू दारातच उभ्या होत्या. विधवेचं लाल अलवण, चटपटीत चाल, पन्नाशीच्या पुढचं वय. आत्याबाईंचा हात धरून त्यांनी ओटीवर बसवलं. आत्याबाई म्हणाल्या, भाच्याला भेटायला आलोय, ही आमची सूनबाई. काकूंनी माझ्याकडे कंदील वर करून पाहिलं, पाहिलं आणि कंदील खाली केला. "कोवळं वय हो," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, नवरा तुरुंगात म्हणून कळवळा आला असेल.

मी काही मागायच्या आत त्याच म्हणाल्या, आज दमलात, सकाळी दारात तबक असेल, त्यात सगळं असतं. रात्रीच्या जेवणाला आम्हा दोघींपुढे दशमी आणि दूध ठेवलं. समोरच्या खोलीत येवल्याचं एक व्यापारी जोडपं उतरलं होतं, त्यांच्या पानात गरम भात दिसला. आत्याबाई रात्री भात खात नाहीत, विधवेनं खायचा नसतो. मला का नाही वाढला, असं मनात आलं, पण पाहुण्यानं पानावरून बोलू नये म्हणून गप्प बसले. जेवताना काकूंचा भाचा आला. तो तुरुंगाच्या कचेरीत कारकून, हे मथूताईंनी सांगितलं होतं, त्यामुळेच तर भेटीची मंडळी तिथं उतरत. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. भाचा जाताना आमच्याकडे न बघता गेला.

सकाळी दार उघडलं. दारात दोन पितळी तबकं, घासून लख्ख केलेली.

एका तबकात बदामाच्या टरफलांची राखुंडी, दोऱ्यानं कापलेली साबणाची वडी, धुतलेला पंचा, गोपीचंदन, भस्माची डबी. ते आत्याबाईंचं. दुसऱ्या तबकात राखुंडी, साबणाची वडी, पंचा, वाटीत शिकेकाई, लाकडाची फणी, भस्माची डबी. कुंकू नाही. मेण नाही, काजळ नाही, आरसा नाही. मी पंचा उचलून खाली पाहिलं. तबक तिरकं करून पाहिलं. मग सज्जाच्या पलीकडे येवल्याच्या बाईच्या दारातलं तबक पाहिलं. त्यात कुंकवाची कुयरी होती, आरसा होता, काजळाची डबी होती, वर शेवंतीची दोन फुलं.

मला जे समजायचं ते समजलं.

आता ज्यांना हे नवल वाटेल त्यांना सांगते. आमच्याकडे असली बातमी तोंडानं सांगत नाहीत. आधी वस्तू हलतात. माझ्या मावसबहिणीचा नवरा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तार आली, घरात कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या मावशीनं उठून कोनाड्यातली कुंकवाची कुयरी काढून फडताळात ठेवली, भिंतीवरचा आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. बहीण न्हाऊन आली, कोनाड्यात हात घातला, आणि हात तसाच राहिला. तिला कोणी सांगावं लागलं नाही. तो हात मी अजून विसरले नाही.

आणि गोदाकाकू विसरत नाहीत. भाचा कचेरीत. काल कंदील खाली केला. भात वाढला नाही. "कोवळं वय हो." सगळं एकाला एक जुळत गेलं. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं नाही का? मी मूळची फटकळ. फौजदाराला तोंडावर उत्तर देऊन आलेली बाई मी. पण त्या सकाळी माझ्यानं एवढं विचारवेना, की काकू, कुंकू कुठं आहे? कारण मागितलं की त्या काहीतरी सांगणार. नाही मागितलं तर नाही सांगणार. आणि त्यांनी सांगितलं नाही तोवर हे आहेत. भेट उद्याची होती. एक दिवस. तो एक दिवस मला ह्यांना जिवंत ठेवायचं होतं, आणि त्याला एकच उपाय होता, तोंड मिटून बसणं.

आत्याबाईंना काय सांगणार? त्यांचा तर प्राण ह्यांच्यात. त्या खोलीत बसून विचारत होत्या, "तबकात काय काय गं आहे?" मी सांगितलं, सगळं आहे. त्या राखुंडी बोटावर घेऊन खूश झाल्या. लवंग आहे गं ह्यात, म्हणाल्या. मी त्याच राखुंडीनं दात घासले, मला मातीची चव लागली. शिकेकाईत नागरमोथा आणि कचोरा घालून उकळलेला, वास सज्जाभर पसरला होता. एरवी मी अशा वासावर जीव टाकते. त्या दिवशी न्हायले नाही.

आत्याबाईंना गंगेवर नेणं भाग होतं. रामकुंडावर गर्दी नव्हती, पाणी थंड आणि हिरवट. आत्याबाईंनी तीन बुड्या मारल्या, प्रत्येक बुडीला "श्रीधर, माझा श्रीधर" म्हणाल्या. नवऱ्याचं नाव मला घेता येत नाही, म्हणून मी नुसती ओंजळ सोडली. पायरीवरचे एक भटजी माझ्याकडे पाहून पुढे आले. "दिवस करायचे का, बाई? किती झाले?" मी आत्याबाईंना ओढतच तिथून काढलं. माझं कपाळ मोकळं होतं, लुगडं पांढरं होतं, त्यांनी विचारलं ह्यात त्यांचा काय दोष? हे मला आज कळतं. त्या वेळी वाटलं, साऱ्या नाशकाला ठाऊक आहे, एक मलाच नाही.

तिथून देवीच्या देवळात गेलो. पाच-सहा बायका बसल्या होत्या, एकजण सगळ्यांना हळदकुंकू लावत येत होती. मी रांगेत बसले. म्हटलं, देवीच्या दारात लागलं तर सगळं टळेल. ती माझ्यापाशी आली, जरा थबकली, आणि पुढच्या बाईकडे गेली. हसली देखील माझ्याकडे बघून, फार मायेनं. ते हसू बघून मी रांगेतून उठले.

बाजारात कुंकवाची दुकानं ओळीनं. पितळी थाळ्यांतून कुंकवाचे ढीग, पिंजर, हळद, बुक्का. मी एका दुकानापुढे कितीतरी वेळ उभी. मला वाटे, घ्यावं आणि लावावं, कोणाच्या बापाची भीती? लगेच मनात येई, आणि खरंच तसं असलं तर? मग ते लावलेलं कुंकू पुसायला कोणीतरी बाई पुढे येईल. न लावलेलं तर पुसता येत नाही ना. दुकानदार म्हाताऱ्यानं एकदा माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "देवीसाठी का, बाई?" मी हो म्हटलं. त्यानं पुडी बांधून दिली. मी ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि चालताना दर चार पावलांनी चाचपत राहिले.

दुपारी काकूंनी निगुतीनं वाढलं. वरणभात, मेथीची भाजी, ताक, वर नाशिकची द्राक्षं, पिवळसर, पातळ सालीची. मी चार द्राक्षं तोंडात टाकली. गोड होती म्हणतात. काकू माझ्याजवळ येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "सवय होते हो पोरी. आधी वाटतं होणार नाही, पण होते." मी ताकाचा पेला तसाच ठेवून उठले. संध्याकाळपर्यंत खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. आत्याबाई माळ ओढत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, उद्या त्याला लोणचं देऊ देतील ना गं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तबक. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. अब्बासभाईंचा टांगा आला, आम्ही निघालो.

तुरुंगाबाहेर कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं बसली होती. कोणी जळगावकडचं, कोणी कोकणातलं. शिपायानं परवान्याचा कागद घेतला आणि कैद्याचं नाव विचारलं. आत्याबाईंनी खणखणीत आवाजात सांगितलं. मग एकेक नाव पुकारू लागले. एक बाई मूल काखेत घेऊन धावत आत गेली. दोन म्हातारे गेले. नावं संपत आली. कचेरीच्या खिडकीत काकूंचा भाचा मान खाली घालून लिहीत होता, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. झाडाखाली आम्ही दोघी आणि एक कुत्रं उरलो. शिपाई आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

"आपलं पुकारलं का गं?" आत्याबाईंनी विचारलं. मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं, मी हो म्हणतेय, म्हणून त्या उठल्या.

आणि तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं.

आत एक लांब टेबल, पलीकडे जाळी. जाळीपलीकडे हे आले, एका कैद्याच्या खांद्यावर हात ठेवून. हिवतापानं अर्धे झालेले, दाढी वाढलेली, हात थरथरत होते. पत्र का लिहिलं नाही ते त्या हातांकडे पाहून कळलं. पण आले ते चालत आले. स्वतःच्या पायांनी. मी जाळीला धरून उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आधी उतरला, मग मिश्कील झाला.

"हे काय? मी गेलो असं कळवलंय की काय तुला कोणी?"

मी हसले. हसता हसता जी रडायला लागले ती थांबेचना. शिपाईसुद्धा दुसरीकडे बघू लागला. मी कसंबसं सांगितलं, पेटी घरी राहिली. मग पदराची गाठ सोडली, पुडी उघडली, डोळ्यांच्या पाण्यातच बोट भिजवलं आणि कुंकू लावलं. आरसा कुठला तिथं? हे जाळीतून बघून सांगत होते, "डावीकडे. अगं, माझ्या नाही, तुझ्या. हां, आता जरा वाकडं आहे, पण चालेल." आत्याबाईंनी जाळीतून बोटं घातली होती, ती ह्यांच्या बोटांना लागली होती. लोणचं घेऊ दिलं. वेळ संपली तेव्हा हे म्हणाले, पुढच्या वेळी पेटी घेऊन ये.

परत येताना मला रस्ता दिसला. उसाचे फड दिसले, लांब पांडवलेण्यांचा डोंगर दिसला, अब्बासभाईंच्या घोड्याच्या कपाळावर पांढरा चट्टा आहे तो दिसला. अब्बासभाईंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "सकाळी येवढं भ्या वाटलं व्हतं बाई तुमचं तोंड बघून." मी त्यांना परवापासून पदरात राहिलेला तो सटाण्याचा कांदा दिला. दुसरं काही नव्हतंच जवळ.

गोदाकाकू ओटीवर शिकेकाई निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. माझं वाकडं कुंकू पाहिलं. सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं आणि शेंगा अंगणभर झाल्या.

"अगं, तू सवाष्ण?"

मग सगळा उलगडा झाला. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, भरल्या बांगड्या नाहीत. त्यांना वाटलं, आश्रमातल्या शाळेत शिकणारी नव्या वळणाची विधवा असेल. आत्याबाईंची सून म्हटल्यावर त्यांना वाटलं, आत्याबाईंचा मुलगा गेलाय आणि तुरुंगात आहे तो दुसराच कोणी भाचा. आणि काकूंचा भाचा त्या संध्याकाळी हळू आवाजात काय बोलत होता? तर घराच्या कौलांबद्दल. काकूंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "जितं कुंकू आणि मी भस्म ठेवलं गं तुझ्यापुढे. कुठं फेडू हे?" त्या रडत आत गेल्या आणि नवं तबक घेऊन आल्या. कुयरी, मेण, काजळ, आरसा, फणी, वर शेवंतीची फुलं. शेजारणीला हाक मारते, ओटी भरायला सांगते, म्हणाल्या.

मला त्यांची दया आली. आणि आनंदानं मी जरा मातलेही होते. मी म्हटलं, शेजारीण कशाला? हे कुंकू वाकडं लागलंय, तुम्हीच सरळ करा, काकू. तुमच्या हातानं.

"वेड लागलंय का? माझा हात?"

मी हट्टाला पेटले. आम्ही सरकारचे कायदे मोडतो आणि हे मोडायला भितो की काय, असं काहीसं भाषण केलं. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्यांनी माळ थांबवली. काकूंनी माझ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग पाण्यात बोट बुडवलं, कुयरीत टेकवलं. तीस वर्षं त्या बोटानं कुंकवाच्या कुयऱ्या भरल्या असतील, लोकांसाठी. बोट माझ्या कपाळाकडे आलं.

आणि माझं डोकं मागे गेलं.

मी नेलं नाही. आपोआप गेलं, बोटभरच. पण गेलं. जाळीपलीकडचे ते थरथरते हात माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि सगळा कायदेभंग कुठल्या कुठे गेला. काकूंचं बोट तिथंच थांबलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी एकदा आत्याबाईंकडे नजर टाकली, त्यांना काही दिसत नव्हतं. मग काकूंनी ते बोट खाली नेऊन उंबऱ्याला पुसलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "झालं हो."

आत्याबाईंची माळ पुन्हा सुरू झाली.

निघताना काकूंनी साबणाच्या दोन वड्या आणि राखुंडीची पुडी बांधून दिली. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला. आशीर्वाद तोंडानं दिला, अखंड सौभाग्यवती भव. मला मान वर करवेना.

गाडीत आत्याबाई माझ्या खांद्याला टेकून माळ ओढत होत्या. निफाड मागे पडल्यावर म्हणाल्या, "सरळ लागलं का गं त्यांच्या हातानं?"

"हो," मी म्हटलं.

"बरं केलंस पोरी. मला नव्हतं वाटलं तू लावून घेशील." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "श्रीधरची मुंज झाली, लग्न झालं, मी कोपऱ्यातच होते हो. तू घरात आलीस त्या दिवशी फार वाटलं होतं, आपण लावावं."

मी खिडकीकडे तोंड केलं. ह्या वेळी डोळ्यांत कोळसा गेला नव्हता.

घरी पोचल्यावर आधी कोनाड्यातली पेटी काढली आणि आरसा उघडला. कुंकू अजून वाकडंच होतं. आत्याबाई माझ्या शेजारी, वीतभर अंतरावर बसल्या होत्या, हात मांडीवर उघडे ठेवून. मी मेण लावलं, बोट भिजवलं, आणि डबीचा आवाज होऊ न देता माझ्या हातानंच ते सरळ केलं.